अकरा महिन्यांचं शेड आणि चार टनांची लिफ्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय. फक्त मधले "ॲक्च्युअली", "म्हणजे बघा" आणि माझा खोकला काढून टाकलाय.)

कुणी बसमध्ये उभं असेल, कुणी जिममध्ये, कुणी लाईट बंद करून पडल्यापडल्या ऐकत असेल.

एरवी आपण इथं कोड, नोकरी, इंटरव्ह्यू, पगार यावर बोलतो. आज मी गॅरेजमधल्या गाडी उचलायच्या लिफ्टबद्दल बोलणार आहे. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात कुणाचं ना कुणाचं गॅरेज, वर्कशॉप, फॅब्रिकेशनचं शेड असतं. आणि घरातला एक पोरगा इंजिनिअर झाला की सगळं घर त्याला विचारतं, "तू इंजिनिअर आहेस ना, बघ की जरा." मग तो कॉम्प्युटरचा इंजिनिअर असला तरी मिक्सर त्याच्याकडं, इन्व्हर्टर त्याच्याकडं, आणि माझ्या बाबतीत चार टनांची लिफ्टसुद्धा माझ्याकडं.

व्हॉट्सॲपवरचा अंगठा

माझ्या मामाचं कोल्हापुरात गॅरेज आहे. मी नववीत असताना त्यांच्या हातावर गाडी आली होती. जॅक सटकला, खाली घोडी लावलेली नव्हती, "दोन मिनिटांचं काम" होतं. डाव्या हाताची दोन बोटं आजही नीट मिटत नाहीत. पुढं काही वर्षांनी मामांनी कर्ज काढून टू-पोस्ट लिफ्ट घेतली. दोन खांब, प्रत्येक खांबाला दोन हात, त्यावर गाडी वर. मामी म्हणाली होती, "आता मी निवांत झोपते."

गेल्या वर्षी जुन्या जागेचा मालक म्हणाला, इमारत पाडून नवीन बांधतोय, गाळा परत देतो, पण तोवर बाहेर जा. मामांनी शहराबाहेर पत्र्याचं शेड घेतलं, ११ महिन्यांच्या करारावर. सामान हललं, कॉम्प्रेसर हलला, लिफ्टही खोलून ट्रकमधून आली.

मामांनी मला शेडच्या जमिनीचा फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, "कोबा चांगला आहे ना? लिफ्ट बसवायला माणूस येतोय उद्या." मी हिंजवडीत मीटिंगमध्ये होतो. फोटो उघडला. राखाडी, गुळगुळीत, सरळ. मी अंगठा पाठवला आणि परत मीटिंगमध्ये गेलो.

आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. सहकाऱ्याचा कोड न वाचता "छान दिसतंय" लिहून मंजूर करणं. फरक एवढाच की आपला कोड पडला तर सर्व्हर बंद पडतो. इथं खाली माणूस असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचा फोन. "लेका, चार बोल्ट बसले. पाचवा नुसता फिरतोय. आवळतच नाही."

मी विचारलं, "बसवणारा काय म्हणतोय?"

"म्हणतोय, केमिकल भरू, बसतंय. अकरा महिने तर काढायचेत."

मागून हसण्याचा आवाज येत होता. मामांकडं काम शिकणारं एकोणीस वर्षांचं पोरगं आहे, ते हसत होतं. उद्यापासून त्या लिफ्टखाली दिवसाचे पाच-सहा तास तेच उभं राहणार होतं. मला एकदम आदल्या दिवशीचा माझा अंगठा आठवला. मी म्हटलं, "मामा, काम थांबवा. मी रात्रीच्या गाडीनं येतो."

भरलेली बादली

प्रवासात मी एक काम केलं. लिफ्टचं मॅन्युअल वाचलं. मामांनी त्याचे फोटो पाठवले होते. प्लास्टिकच्या पिशवीतून इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच बाहेर आलं होतं, पानं एकमेकांना चिकटली होती.

त्यात पहिल्याच भागात जमिनीबद्दल लिहिलेलं होतं. मोटर नंतर, हायड्रॉलिक नंतर. आधी जमीन. काँक्रीट किती जाड हवं, किती ताकदीचं हवं, भेग किंवा सांध्यापासून बोल्ट किती लांब हवा. असं का, हे समजून घ्यायचं असेल तर एक प्रयोग करा.

पाण्यानं भरलेली बादली उचला आणि हात समोर सरळ लांब करा. काय होतं? टाचा उचलायला लागतात. तुम्ही पुढं कलंडता. बादलीचं वजन खाली जातंय, पण तुमच्या टाचा वर येतायत. टू-पोस्ट लिफ्टचा प्रत्येक खांब दिवसभर तेच करत असतो. गाडी खांबाच्या बरोबर वर नसते. ती हातांवर, खांबापासून आतल्या बाजूला लांब असते. त्यामुळं खांब आत झुकायला बघतो, आणि त्याच्या बेस प्लेटचे मागचे बोल्ट वर ओढले जातात.

आता ढोबळ हिशोब. दोन टनांची एसयूव्ही घ्या. एका खांबावर एक टन. हे वजन बेस प्लेटच्या पुढच्या कडेपासून साधारण अर्धा मीटर आत आहे असं धरू. मागचे बोल्ट त्याच कडेपासून ४० सेंटिमीटर मागं. हजार गुणिले अर्धा, भागिले शून्य पूर्णांक चार. साडेबाराशे किलो. खांबाच्या स्वतःच्या वजनाचा थोडा आधार मिळतो, तो शंभरेक किलो वजा करा. तरी अकराशे किलोच्या आसपास ओढ उरते, वरच्या दिशेनं, मागच्या दोन बोल्टवर. आणि हे गाडी शांत उभी असताना. कुणी खालून टॉमी लावून अडकलेला नट सोडवायला झटका मारला, इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवून गाडीचा तोल एका बाजूला गेला, की हिशोब बदलतो.

चांगल्या, जाड काँक्रीटमध्ये दोन फास्टनर ही ओढ आरामात धरतात. म्हणून लिफ्टचा खांब कितीही जाड लोखंडाचा असला तरी तो जेवढा जमिनीत धरला जातो तेवढाच मजबूत. लिफ्ट घेताना आपण चार टन, चार टन करतो. चार टन ही मशीनची ताकद झाली. जमीन किती टनांची आहे?

कोबा उकरला तेव्हा

सकाळी शेडवर पोचलो. मामा चहा घेत बसले होते, थोडे नाराजच. मी हॅमर ड्रिल घेतलं आणि लिफ्टपासून लांब, कोपऱ्यात एक भोक पाडलं. आधी पांढरी-राखाडी भुकटी आली. मग एकदम ड्रिल आत गेलं, काही अडवलंच नाही, आणि भुकटी लाल झाली. लाल म्हणजे मुरूम. तार वाकवून आत घातली आणि मोजली. ६० मिलिमीटर. म्हणजे सव्वादोन-अडीच इंच.

आमच्या फास्टनरची लांबी १५० मिलिमीटर. म्हणजे बोल्टचा बराचसा भाग मुरमात होता. हा फास्टनर कसा धरतो बघा. टोकाला एक पत्र्याची क्लिप असते. नट आवळला की बोल्ट वर खेचला जातो, क्लिप फुगते आणि भोकाच्या भिंतीला घट्ट दाबते. त्या भिंतीच्या दाबावरच सगळी पकड. भिंत काँक्रीटची हवी. मुरूम दाबला की सरकतो. म्हणून पाचवा बोल्ट फिरत होता.

मामा म्हणाले, "पण चार तर बसले की."

मी त्यातल्या एकाला पाना लावला आणि जरा जोर दिला. आधी घट्ट वाटलं, मग त्याच्याभोवती कोब्याला बारीक भेग गेली, बशीला जाते तशी. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यानंतर मला फार समजवावं लागलं नाही.

हे लक्षात ठेवा: जमिनीचा फोटो काहीच सांगत नाही. कोबा घोटून गुळगुळीत केलेला असतो, तो दोन इंचांचा असो की आठ इंचांचा, वरून सारखाच दिसतो. मालक "सहा इंच आहे" म्हणाला तरी भोक पाडून मोजा, आणि जिथं खांब येणार त्या दोन्ही ठिकाणी मोजा. वर फरशी किंवा लेव्हलसाठी टाकलेला थर असेल तर तो जाडीत धरायचा नाही.

"अकरा महिन्यांसाठी कशाला?"

आता काय करायचं? शेडमध्ये जितकी माणसं होती तितके सल्ले आले.

बसवणारा म्हणाला, केमिकल अँकर वापरू. केमिकल अँकर चांगली गोष्ट आहे, पण तोही काँक्रीटलाच चिकटतो. ६० मिलिमीटर कोब्याला चिकटवला तर कोब्यासकट उपटून येईल.

शेजारचा फॅब्रिकेशनवाला म्हणाला, खाली मोठी लोखंडी प्लेट टाकू, दोन्ही खांब तिला वेल्ड करू, बोल्टच नको. ऐकायला मस्त. पण ती प्लेट वाकणार नाही इतकी जाड हवी, तिची रचना लिफ्टच्या कंपनीनं द्यायला हवी. आपल्या अंदाजानं केलेलं वेल्डिंग माणसाच्या डोक्यावर टांगायचं नसतं.

तिसरा म्हणाला, खांबाचं वरचं टोक शेडच्या कैचीला बांधा. हे तर अजिबातच नको. पत्र्याचं शेड पत्रा आणि वारा पेलायला बांधलेलं असतं. वळवाच्या वाऱ्यात ते स्वतःच हलतं. लिफ्टनं शेडला ओढायचं नाही आणि शेडनं लिफ्टला.

मामा म्हणाले, मग जुन्यासारखा खड्डा काढू. खड्ड्यात पेट्रोलची वाफ आणि एलपीजी साचून राहतात, कारण दोन्ही हवेपेक्षा जड. एक ठिणगी पुरते. त्यातून मालक परवानगी देईना.

मी म्हटलं, लिफ्टच बसवू नका. ११ महिने घोड्यांवर काम करा, किंवा कमी उंचीची सिझर लिफ्ट भाड्यानं बघा, जी बोल्टशिवाय चालते असं कंपनी स्वतः लिहून देते. मामा गप्प झाले. मग म्हणाले, "घोड्यांवर गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे दोन माणसं, अर्धा दिवस, आणि पाठीचं मातेरं. कर्जाचा हप्ता लिफ्टच्या कामातून जातो, लेका." आणि नकळत त्यांनी डावा हात चोळला.

त्यांचंही खोटं नव्हतं. सुरक्षेच्या गोष्टी सांगणाऱ्यानं हे विसरू नये. "करू नका" म्हणणं सोपं असतं. हप्ता सांगणाऱ्याला भरायचा नसतो.

शेवटी मी हॉस्टेलच्या ग्रुपवर सिव्हिलवाल्या मित्राला गाठलं. तो स्ट्रक्चरल डिझाइन करतो. त्याला मॅन्युअलची पानं आणि जागेची मापं पाठवली. तो दुसऱ्याच दिवशी स्वतः येऊन बघून गेला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "करार तात्पुरता आहे. गाडीचं वजन तात्पुरतं नाही." मामांना हे वाक्य इतकं पटलं की आता ते सगळ्यांना स्वतःचं म्हणून सांगतात.

खड्डा, सळई आणि २८ दिवस

उपाय साधाच निघाला. जिथं लिफ्ट येणार तिथला कोबा कापायचा, खालचा मुरूम घट्ट लागेपर्यंत खोदायचं आणि तिथं जाड काँक्रीटचा एकच चौथरा ओतायचा, वरचा भाग जमिनीच्या लेव्हलला. दोन खांबांना दोन वेगळे नाहीत, एकच. म्हणजे एक खांब खचला आणि दुसरा नाही असं होत नाही.

आमच्या चौथऱ्याचं माप ४.२ मीटर बाय १.८ मीटर, जाडी ३०० मिलिमीटर, काँक्रीट एम २५, वर आणि खाली सळईची जाळी. हे माप आमच्या जागेचं आहे, कॉपी-पेस्ट करू नका. तुमच्याकडं खाली काळी माती असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तुमच्या जमिनीसाठी तुमच्याच भागातला सिव्हिल इंजिनिअर बघा.

मालकाशी आधी बोललो. लिहून दिलं की चौथरा तसाच राहील आणि जाताना बोल्ट जमिनीबरोबर कापून देऊ. त्याला फुकट पक्की जागा मिळणार होती, तो लगेच तयार. सळई, काँक्रीट, मजुरी धरून चाळीस हजारांच्या आत काम झालं. मामा म्हणाले, "एका एक्स-रेपासून ऑपरेशनपर्यंत याच्या कितीतरी पट जातात." स्वतःच म्हणाले, मी काही बोललो नव्हतो.

काँक्रीट ओतलं ती मजा एका दिवसाची. खरी परीक्षा पुढं. एम २५ मधला २५ म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सहन करणं. सातव्या दिवशी साधारण दोन-तृतीयांश ताकद येते. वरून मात्र ते दुसऱ्या दिवशीच दगडासारखं दिसतं. परत तोच फोटोचा घोळ!

नवव्या दिवशी मामांचा फोन आला. "पक्कं झालंय रे. वरून हातोडा मारला, ठण्ण वाजतंय. दारात पाच गाड्या उभ्या आहेत." मी नाही म्हटलं. बाराव्या दिवशी परत फोन. मी नाही म्हटलं. पंधराव्या दिवशी मामीचा फोन आला, म्हणाली, "मी त्यांचा पाना लपवून ठेवलाय, तू काळजी करू नको."

पहिले दहा दिवस चौथऱ्यावर आळी करून पाणी साठवलं होतं. ते बघायचं काम त्या एकोणीस वर्षांच्या पोराकडं दिलं होतं. त्यानं एक दिवस चुकवला नाही. ओततानाच आम्ही १५० मिलिमीटरचे ठोकळेही भरून घेतले होते. ते २८ व्या दिवशी लॅबमध्ये फोडले. आकडा ३१ आला. मी तो स्क्रीनशॉट अजून जपून ठेवलाय. माझ्या बीटेकच्या मार्कशीटपेक्षा जास्त आनंद झाला.

बसवण्याआधी वर बघा, वायर बघा

या २८ दिवसांत दोन गोष्टी सापडल्या, ज्या मी आधी बघितल्याच नव्हत्या.

एक, उंची. शेडची बाजूची उंची १४ फूट. मी खूश होतो. पण कैचीची खालची पट्टी १२ फुटांवर होती. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. लिफ्ट गाडीला १.८ मीटर उचलते. मोठी एसयूव्ही १.८ मीटर उंच. बेरीज ३.६. म्हणजे टप आणि लोखंड यात जेमतेम दोन बोटं, आणि त्या एसयूव्हीच्या टपावर कॅरिअर असेल तर सरळ धडक. आम्ही लिमिट स्विच खाली घेतला, म्हणजे लिफ्ट त्या उंचीच्या आधीच थांबते. शिवाय खांबावर लाल रंगाचा पट्टा मारला.

दोन, वीज. लिफ्टची मोटर २.२ किलोवॅटची, तीन फेजची. शेडमध्ये सिंगल फेज होतं. मामांचा बेत होता शेजारच्या शेडमधून जमिनीवरून वायर ओढायचा. जमिनीवर गाड्यांची चाकं, ऑइल, पाणी. ते रद्द केलं. रीतसर तीन फेजचं कनेक्शन, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, स्वतःचं अर्थिंग, आणि केबल वरून पाईपमधून. एक छोटी गोष्ट: फेज उलटे लागले की हायड्रॉलिक पंप उलटा फिरतो, मोटर चालते पण लिफ्ट हलत नाही. तेव्हा बटण दाबून धरू नका, पंप कोरडा फिरून खराब होतो. वायरमनला बोलवा.

आणि पावसाचं पाणी. शेडच्या बाजूनं पाणी चौथऱ्याखाली शिरलं तर मुरूम धुपतो. म्हणून बाहेरून चर खणला.

बसवण्याचा दिवस

एकोणतिसाव्या दिवशी शनिवार होता. मी सुट्टीला गेलो.

आधी खांबांच्या जागा खडूनं आखल्या, दोन्ही कर्ण मोजले, सारखे आले. मग भोकं. ड्रिलचं बिट मॅन्युअलमध्ये दिलेल्याच मापाचं, भोक सरळ उभं. प्रत्येक भोक ब्रशनं घासून, फुंकणीनं भुकटी काढून साफ केलं. हे काम सगळे टाळतात. पण भुकटी राहिली तर क्लिप भुकटीला धरते, काँक्रीटला नाही. फास्टनर सगळे नवे. एकदा फुगलेला जुना फास्टनर परत वापरायचा नाही, कितीही चकाचक दिसला तरी.

खांब उभा केल्यावर ओळंबा लावला. जिथं जरा फट होती तिथं लोखंडी शिम, लाकडाचा तुकडा किंवा सिमेंटचा लपका नाही. मग टॉर्क रेंच. मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच टॉर्क. बसवणारा लांब पाईप लावून "अजून एक आटा" देणार होता. मामांनीच त्याचा हात धरला.

मग दोन्ही खांबांमधल्या वायर रोपचा ताण सारखा केला, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र वर जातात. दोन्ही बाजूंचे लॉक "कट्-कट्" करत एकाच वेळी पडतात का, ते कान देऊन ऐकलं.

टेस्टिंग, खऱ्या अर्थानं

आपण लोक थेट प्रॉडक्शनवर टेस्ट करतो म्हणून शिव्या खातो. इथं तसं चालत नाही.

पहिली फेरी रिकामी. सहा वेळा वर-खाली. दुसरी फेरी मामांची स्वतःची छोटी हॅचबॅक. चाकं जमिनीपासून अर्धा फूट उचलली, थांबलो, बंपरला धक्का देऊन बघितलं. गाडी हातांवर सरकत नाही ना? मग पूर्ण वर, लॉकवर टेकवली, आणि २० मिनिटं कुणीही खाली जायचं नाही. चहा घेतला. ओळंबा परत बघितला, बोल्टभोवती भेग नाही ना ते बॅटरीच्या उजेडात बघितलं. तिसरी फेरी एसयूव्ही, परत तेच. मग सगळ्या बोल्टचा टॉर्क परत. आठवड्यानं आणखी एकदा, कारण नवीन फास्टनर थोडा सैल पडतोच.

आता खांबावर एक कागद चिकटवलाय. त्यावर आम्ही जे लिहिलं ते वाचतो. हा भाग हवा तर सेव्ह करून ठेवा.

१. गाडीच्या खाली जाण्याआधी लिफ्ट लॉकवर टेकवायची. नुसत्या हायड्रॉलिकवर गाडी असेल तर खाली जायचं नाही.

२. हात गाडी कंपनीनं सांगितलेल्या उचलायच्या जागीच लावायचे. हातांचे लॉक बसलेत का ते हलवून बघायचं.

३. अर्धा फूट उचला, धक्का द्या, मगच वर न्या.

४. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल असा जड भाग काढायचा असेल तर तोल बदलतो. आधी उंच स्टँडचा आधार द्या.

५. गाडी वर-खाली होताना खाली आणि आजूबाजूला कुणी नाही. गिऱ्हाईकसुद्धा नाही. गाडीत कुणी बसलेलं नाही.

६. लाईट गेली तर गाडी लॉकवर आहे तशीच राहू द्या. लॉक सोडवायला आधी थोडं वर उचलावं लागतं, त्याला लाईट लागते. खटपट करू नका.

७. वळवाचा वारा सुटला तर काम थांबवा, गाडी खाली घ्या.

८. दर सोमवारी बोल्ट, वायर रोप, ऑइलची गळती आणि बोल्टभोवतीची जमीन बघायची. सही करायची.

सही ते एकोणीस वर्षांचं पोरगं करतं. ते मामांनी ठरवलं. म्हणाले, "खाली तो उभा राहतो, तर तपासणीची वहीही त्याच्याच हातात पाहिजे." मागच्या महिन्यात त्यानं एका सोमवारी लिफ्ट बंद ठेवली, कारण एका रोपचे दोन पिळ तुटलेले दिसले. गिऱ्हाईक चिडलं. मामा चिडले नाहीत. रोप बदलला, मग काम सुरू.

जाता जाता

ही गोष्ट सांगायचं कारण माझा तो अंगठा. मला काही वाईट करायचं नव्हतं. मी फक्त घाईत होतो, आणि विचारणारा माणूस घरचा होता. आपल्याला सगळे विचारतात कारण आपण शिकलोय. तेव्हा दोनच उत्तरं प्रामाणिक असतात. एक, "मी बघून सांगतो," आणि खरंच जाऊन बघणं. दोन, "मला यातलं कळत नाही, ज्याला कळतं त्याला विचारू." मला ६० मिलिमीटर मोजता आलं, पण चौथरा किती जाड हवा हे माझ्या मित्राला माहीत होतं. दोन्ही लागलं.

तुमच्या ओळखीत कुणी तात्पुरत्या जागेत लिफ्ट, क्रेन किंवा जड मशीन बसवत असेल तर हा भाग त्यांना पाठवा. आणि त्यांनी तुम्हाला जमिनीचा फोटो पाठवला, तर अंगठा पाठवू नका. फोन करून एवढंच विचारा, "भोक पाडून मोजलं का?"

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या. आणि हो, घोडी लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका, दोन मिनिटांचं काम असलं तरी.